उसने हात

ही गोष्ट सांगायची मी टाळत आलो. या आठवणी लिहायला बसल्यापासून शाळा लिहून झाली, वसतिगृह झालं, पहिल्या विमानप्रवासात भिऊन न खाल्लेलं जेवणही लिहून झालं. पण एनस्खेडे या डच गावातल्या त्या घराचं हिरवं फाटक समोर आलं, की मी पेन खाली ठेवून कोथिंबीर आणायला निघायचो. अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये आता कोथिंबीर कोपऱ्यावर मिळते, त्यामुळे टाळणं फार सोपं झालं आहे. बायकोला मी हे कधी सांगितलं नाही. ती गेली. मुलीला सांगितलं नाही, तिला विचारायला वेळ नाही. आणि मला वाटत होतं, असंच एक दिवस मीही जाईन आणि विषय मिटेल.

गेल्या महिन्यात माझी नात इरा मास्ट्रिख्टहून सुट्टीला आली. तिला मराठी समजतं, पण उत्तर डचमध्ये येतं, आणि मराठी वाचायला तिला अजिबात येत नाही. सकाळी मी पोहे परतत होतो आणि ती स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती.

"आजोबा, तुम्ही एनस्खेडेत शिकलात ना? ही बघा, तुमच्याच गावातली निघाली. हेझेल थॉर्नबी. ब्रिटिश नटी होती."

मी कढईकडेच बघत राहिलो.

"तरुणपणी तोंडाला तपकिरी रंग फासून भारतीय मुलगी झाली होती. पण पुढे तसंच काम आलं तेव्हा तिनं चक्क नाही म्हटलं. त्या काळात! मी तिच्यावर निबंध लिहितेय. तिचं पत्र ऐका." आणि तिनं वाचलं, "'हा रंग माझ्या चेहऱ्यावर पुष्कळ वर्षं राहिला. ज्या बाईचे हात तुम्हाला पडद्यावर हवे आहेत, ती बाई जिवंत आहे. ते हात उसने घ्यायचा मला अधिकार नाही, आणि ते तिला परत करायची वेळ झाली आहे.' खाफ, ना?" खाफ म्हणजे भारी.

"'अधिकार नाही'च्या पुढे स्वल्पविराम आहे का?" मी विचारलं.

"आहे. तुम्हाला काय करायचंय स्वल्पविरामाशी?"

तो स्वल्पविराम मी घातला होता. ते पत्र मी लिहिलं होतं, आणि खालची सहीही माझ्या हातची आहे. थॉर्नबीबाईंनी ते पत्र लिहिलं नाही, सांगितलं नाही, पाठवण्याआधी पाहिलंसुद्धा नाही. मी ते त्यांचा सूड घ्यायला लिहिलं, आणि आज पन्नास वर्षांनी माझी नात ते त्यांचा मोठेपणा म्हणून वाचत होती. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला अपराधी वाटलं नाही. संताप आला. वाटलं, या बाईनं माझं हेही घेतलं. पोहे खाली लागले. अपराधीपणा दुपारी आला, नेहमीसारखा, जेवण झाल्यावर.

हे मी मराठीत लिहितो आहे, म्हणजे इराला ते वाचता येणार नाही. माझ्या धाडसाची मजल एवढीच.

भंडाऱ्याकडच्या आमच्या खेड्यातून नागपूर, आणि नागपूरहून शिष्यवृत्तीवर एकदम एनस्खेडे, असा मी आलो. विद्यापीठ नवं होतं आणि गावातल्या कापडगिरण्या एकामागून एक बंद पडत होत्या. अशाच एका बंद गिरणीच्या मालकाच्या घरात मला वरची खोली मिळाली. मालक वारले होते. उरल्या होत्या त्यांच्या इंग्रज पत्नी, थॉर्नबीबाई, पन्नाशी ओलांडलेल्या, ताठ पाठीच्या, सकाळी दहापर्यंत जांभळ्या गाऊनमध्ये वावरणाऱ्या. "मला हेझेल म्हण," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. मला ते जमणारं नव्हतं. मी मॅडम म्हणायचो आणि मनातल्या मनात बाई. त्यांनी मात्र माझ्या 'मिलिंद'चं 'मिली' केलं. मिली हे इंग्रजांत मुलीचं नाव, आणि त्यांच्या नाटकांत बहुतेक मोलकरणीचं, हे मला सहा महिन्यांनी कळलं. तोवर अख्खी गल्ली मला मिली म्हणत होती.

त्या घराचे आवाज अजून कानात आहेत. सकाळी दाराच्या पितळी फटीतून पत्रं आत पडत आणि झाकण दोनदा वाजे, एकदा मोठ्यानं, एकदा हळू. अंगणातल्या बारीक खडीवर सायकल टेकवली की अख्ख्या घराला कळे कोण आलं. जेवण संध्याकाळी सहाला, त्यात पाच मिनिटं इकडेतिकडे नाही. बटाटे आणि करडईसारखी एक पालेभाजी एकत्र घोटलेला गोळा, मधोमध खळगा करून त्यात रस्सा, आणि शेजारी सॉसेज. पहिले दोन आठवडे मी तो गोळा रडवेल्या तोंडानं गिळला. मग एका रविवारी परवानगी काढून तुरीची डाळ शिजवली आणि भंडाऱ्याहून आणलेल्या सुक्या मिरच्यांचा ठेचा केला. बाईंनी चमचाभर ठेचा थेट तोंडात घातला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तसं त्या उभ्या राहून एक गाणं म्हणू लागल्या, आणि गाणं संपल्यावरच पाणी प्यायल्या. "प्रेक्षकांसमोर मरायचं नसतं, मिली," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून रविवारचा स्वयंपाक माझा.

त्यांची हकिगत मला तुकड्यातुकड्यांनी कळली. उत्तर इंग्लंडमधल्या एका बेकरीवाल्याची मुलगी. सोळाव्या वर्षी फिरत्या नाटकमंडळीत पळून गेली. पुढे एका स्टुडिओनं घेतलं, दात सरळ केले, आडनाव बदललं आणि पाच चित्रपटांत कुणाची ना कुणाची बहीण केलं. सहाव्यात तिला रंग लावला. लंडनबाहेरच्या एका हौदात नदी तयार केली होती, तिच्या काठावर नावाड्याची मुलगी म्हणून ती उभी राहिली आणि गोऱ्या साहेबासाठी विष प्याली. तो चित्रपट खूप चालला. मग काही वर्षं तो रंग उतरलाच नाही. कधी इजिप्तची दासी, कधी मलायातली मुलगी. त्या चित्रपटांची फॅशन गेली, रंग धुतला, तर खालचा चेहरा लोकांना ओळखू येईना. तेव्हा कापडगिरणीच्या मालकाशी लग्न करून त्या इथे आल्या, आणि वीस वर्षं इथल्या लोकांना सांगत राहिल्या की आपण फक्त विश्रांती घेत आहोत.

त्यांचा एक नियम होता. काम मागायला एकदाच फोन करायचा. "दुसऱ्यांदा केला की ते दया म्हणून काम देतात, आणि दयेचं काम कॅमेऱ्याला दिसतं." हा नियम लक्षात ठेवा. माझं कारस्थान त्याच्या जोरावर तडीस गेलं.

नदीकाठच्या त्या चित्रपटाची रिळं त्यांच्याकडे होती. एकदा जेवणघराच्या भिंतीवर त्यांनी तो मला दाखवला. "कसा वाटला?" माझ्या तोंडाकडे बघत त्यांनी विचारलं.

"घागर रिकामी होती," मी म्हणालो.

"काय?"

"तुमच्या डोक्यावरची घागर. भरलेली असली की मान अशी हलत नाही."

मला वाटलं त्या चिडतील. दुसऱ्या दिवशी विद्यापीठातून परतलो तर बाई अंगणात पाण्यानं भरलेली बादली डोक्यावर धरून चालत होत्या, गाऊन चिंब, आणि शेजारीण खिडकीत. "आता बघ मान!" त्या ओरडल्या. हे त्यांचं वेड होतं. माणसांची अंगं त्या गोळा करत. पाववाला वाकतो कसा, मठातली नन जिना उतरते कशी, महापौर नाक कसं पुसतो. समोरच्या माणसाचे हात त्या असे टिपून ठेवत की आपलं काही गेलंय हे त्याला कळतही नसे.

त्यांचे स्वतःचे हात मात्र संधिवातानं गेले होते. बोटं सुजलेली, पेन धरलं की थरथरायचं. तरी जुन्या चाहत्यांची पत्रं अजून येत, फोटो मागत. ते काम माझ्याकडे आलं. मी पत्र उघडायचं, वाचायचं, उत्तर टाइप करायचं आणि खाली त्यांची सही करायची. आलेखाच्या कागदावर आठवडाभर सराव करून मी ती सही बसवली. 'एच'चा वरचा फाटा टोपीसारखा, आणि शेवटी खाली एक लांब रेघ, रंगमंचाच्या कडेसारखी. "माझ्यापेक्षा तुझी बरी येते," बाई म्हणाल्या. स्वतः त्या पत्रं वाचत नसत. कधीतरी कुणीतरी घाण लिहून पाठवलं होतं, तेव्हापासून धास्ती. "चांगलं असेल तर वाचून दाखव, वाईट असेल तर शेगडीत. मला सांगूही नकोस." एवढा विश्वास माझ्यावर तोवर कुणी टाकला नव्हता.

आता आईचं. इथल्या घरांत संडासाच्या दारामागे वाढदिवसांची दिनदर्शिका टांगलेली असते. तिच्यावर वार नसतात, साल नसतं, नुसत्या तारखा आणि नावं, त्यामुळे ती कधी जुनी होत नाही. बाईंनी ही पद्धत उचलली होती. एका संध्याकाळी त्यांनी पेन्सिल पुढे करून विचारलं, "तुझ्या आईचा वाढदिवस कधी?"

"माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

"असं कसं? माणसाला वाढदिवस हवाच. नाहीतर लोक अभिनंदन कधी करणार?"

तेंदूपत्ता तोडायच्या दिवसांत ती जन्मली एवढं आजी सांगायची, म्हणून मी मे महिना सांगितला. बाईंनी वाकड्या बोटांनी बारा तारखेपुढे 'मिलीची आई' असं लिहिलं. मला ते फार आवडलं. आणि त्या आवडण्याच्या भरात, बटाटे सोलता सोलता, मी त्यांना फोटोची गोष्ट सांगितली.

मी निघायच्या आधी आईला घेऊन नागपुरात फोटो काढायला गेलो होतो. तिचा तो पहिला फोटो. आई जन्मभर बिड्या वळायची. तंबाखूनं तिची बोटं काळी झाली होती, घासूनही न निघणारी. स्टुलावर बसल्यावर तिला हातांचं काय करावं ते कळेना. मांडीवर ठेवले, उचलले, एकमेकांत धरले आणि शेवटी पदराखाली घेतले. फोटोवाला म्हणाला, "बाई, हात बाहेर काढा." तिनं एक बाहेर काढला, पाहिला, पुन्हा आत घेतला. म्हणाली, "राहू दे नं भाऊ, तोंडाचा काढ फोटो. हाताचं काय करतं?" फोटो तसाच निघाला. आज माझ्या खोलीत, बुद्धाच्या मूर्तीशेजारी, तो आहे. त्यात आईचे हात नाहीत.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बाईंनी सोलणं थांबवलं. आईचं वाक्य त्यांनी माझ्याकडून मराठीत चार वेळा म्हणवून घेतलं. हात आधी कुठला निघाला, उजवा की डावा, तेही विचारलं. मला वाटलं, आईबद्दल इतक्या आपुलकीनं विचारणारं या देशात कुणीतरी आहे.

त्या वर्षी बाईंचा वाढदिवस नोव्हेंबरच्या एका करड्या दुपारी आला. इथला वाढदिवस ज्यानं पाहिला नाही त्याला सांगतो. घरातल्या सगळ्या खुर्च्या भिंतीलगत गोल मांडतात. येणारा प्रत्येक जण त्या वर्तुळात फिरून एकूणएक माणसाशी हात मिळवतो आणि 'खेफेलिसितेर्त' म्हणतो, म्हणजे अभिनंदन. ज्याचा वाढदिवस त्याचं तर आहेच, पण त्याच्या शेजाऱ्याचं, जावयाचं, भाडेकरूचंही अभिनंदन. मग बसायचं. एक कप कॉफी, केकचा एक तुकडा. जाताना पुन्हा तसंच सगळ्यांशी हात मिळवून निघायचं. गुपचूप उठून जायची सोय नाही.

बारा माणसं होती. कॉफी झाल्यावर दंतवैद्य म्हणाला, "हेझेल, कुणाला तरी करून दाखव!" हे दरवर्षीचं होतं. सगळ्यांना वाटलं महापौर होणार. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे चमकत होते.

"आज नवीन. एक बाई आहे. आयुष्यात पहिल्यांदा फोटो काढायला आलीये."

त्यांनी स्वयंपाकघरातलं स्टूल वर्तुळाच्या मधोमध आणलं आणि शाल डोक्यावरून घेतली. मी खुर्चीचा दांडा धरला. पुढे जे झालं ते मी पन्नास वर्षं रोज पाहिलं आहे. आधी त्यांनी समोर नसलेल्या कॅमेऱ्याकडे असं पाहिलं जसं आई डॉक्टरकडे पाहायची. मग हात मांडीवर. मग ते हात कुणी भलत्यानंच आपल्या मांडीवर आणून ठेवलेत असं त्यांच्याकडे बघणं. मग शालीखाली. मग उजवा बाहेर, मनगटापर्यंतच, आणि पुन्हा आत. हे कबूल केलंच पाहिजे की त्या क्षणी मला माझी आई दिसली. पत्रातून दिसत नव्हती, फोटोतून दिसत नव्हती, ती सातासमुद्रापलीकडे स्टुलावर बसलेली दिसली. आणि बाई आईच्या आवाजात, आईच्या मराठीत म्हणाल्या, "हाताचं काय करतं?"

वर्तुळ हसलं. दंतवैद्याच्या तोंडात केक होता, त्याला ठसका लागला. शेजारणीनं डोळे पुसले. कुणीतरी "पुन्हा, पुन्हा" म्हणालं. आणि बाईंनी पुन्हा केलं.

मग मला निघायचं होतं, म्हणजे बारा हात मिळवायचे होते. अभिनंदन, अभिनंदन, अभिनंदन. दंतवैद्यानं माझा हात उलटा करून बोटं पाहिली आणि म्हणाला, "तुझी तर स्वच्छ आहेत की!" पुन्हा हशा. (काही वर्षांनी तो दंतवैद्य गेल्याचं मला वर्तमानपत्रातून कळलं. त्या सकाळी मी चहाचा दुसरा कप घेतला.) शेवटी बाई. त्यांनी माझा हात आपल्या सुजलेल्या दोन्ही हातांत धरला, धापा टाकत होत्या, आणि हळूच विचारलं, "कशी झाली? मनगट बरोबर होतं?"

"अगदी बरोबर होतं, मॅडम," मी म्हणालो.

जिना चढता चढताच माझं ठरलं की या बाईला हे भरावं लागेल. कसं, ते माहीत नव्हतं. घाई नव्हती. सूड घ्यायचं ठरलं की माणूस फार शांत होतो, हे मी तेव्हा शिकलो. सहाला जेवायला गेलो, बटाट्याचा गोळा दोनदा घेतला आणि केक छान होता असंही म्हणालो.

दहाएक दिवसांत लंडनहून पत्र आलं. एका तरुण दिग्दर्शकाचं. त्यानं लिहिलं होतं, आपण फोनवर म्हणालात त्यावर मी विचार केला. इंग्रज कुटुंबात मुलं सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या भारतीय आयेची भूमिका तुम्हीच करावी असं आता मलाही वाटतं. तुमच्या होकाराची एक ओळ आली की काम तुमचं. मी पत्र तीनदा वाचलं. म्हणजे बाईंनी आपला तो एक फोन केला होता. म्हणजे स्टूल, शाल, मनगट, चार वेळा म्हणवून घेतलेलं वाक्य, ही सगळी तालीम होती. त्या माझ्या आईचे हात लंडनला घेऊन निघाल्या होत्या. आता जगभरची वर्तुळं हसणार होती.

दुपारचे तीन वाजले होते. बाई खाली रेडिओ ऐकत होत्या. मी त्यांच्या नावाच्या कागदावर ते पत्र टाइप केलं. इरानं वाचलेलं तेच, शब्द न् शब्द. तुम्ही म्हणाल, त्यात काय वाईट आहे, उलट खरं आहे. खरं आहेच. खरी वाक्यं वापरून माणसाचा गळा कापता येतो. बाईंना काय लागेल हे मला पक्कं माहीत होतं. त्यांना काम हवं होतं, या आयुष्यात आणखी एकदा, एवढंच. ते मी बंद केलं आणि वर टोपीचा 'एच' आणि खाली लांब रेघ ओढली. दिग्दर्शकाचं पत्र शेगडीत गेलं. सायकल काढली, टपालपेटीपर्यंत गेलो आणि येताना शीळ घालत आलो.

त्यानंतर बाई दहा वाजायच्या आधीच जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन बसू लागल्या. झाकण दोनदा वाजलं, की मी पत्रं उचलायचो.

"काही?"

"काही नाही, मॅडम."

"लंडनचं?"

"फोटो मागणारं आहे. लीड्सहून."

मला त्या उत्तराची गोडी लागली होती. मी ते मुद्दाम सावकाश द्यायचो. पाकिटं एकेक करून उलटायचो. त्यांनी दुसरा फोन केला नाही, करणारही नव्हत्या. दुपारी मात्र खालून स्टूल सरकल्याचा आवाज यायचा आणि फरशीतून वर चढायचं, "हाताचं काय करतं? हाताचं काय करतं?" प्रत्येक वेळी जास्त बरोबर. मी गणितं सोडवत बसायचो आणि मनात म्हणायचो, कर. कर अजून.

फेब्रुवारीत ते पत्र एका इंग्रजी वर्तमानपत्रात छापून आलं. दिग्दर्शकानंच दिलं असावं. मी विद्यापीठाला निघालो होतो, तेवढ्यात बाईंनी स्वयंपाकघरातून हाक मारली. टेबलावर कात्रण होतं. एका जुन्या मैत्रिणीनं रजिस्टर टपालानं पाठवलं होतं, म्हणून पोस्टमननं ते त्यांच्याच हातात दिलेलं. बाई बटाटे सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझी सही छान आलीये."

मी दारात उभा.

"हे त्या वाढदिवसाबद्दल?"

"हो."

"ते हसतील असं मला वाटलं नव्हतं, मिली. मी हसवायला केलंच नव्हतं. पहिल्यांदा हसले तेव्हा मी गोंधळले, म्हणून पुन्हा केलं. वाटलं, या वेळी नीट दिसेल त्यांना."

"तुम्ही मला विचारायला हवं होतं."

"हो," त्या म्हणाल्या. "आणि तू मला सांगायला हवं होतंस."

माझ्या जिभेवर शब्द आले होते. एवढ्यात फोन वाजला. वर्तमानपत्राचाच माणूस होता. बाईंनी माझ्याकडे बघत बघत उत्तर दिलं. "हो. माझंच आहे ते पत्र. सही आहे ना माझी? मग? … नाही, पश्चात्ताप कसला." दुसऱ्याची खोटी सही करणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला विद्यापीठानं आणि पोलिसांनी काय केलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं, मलाही. एक वाक्य बोलल्या असत्या तर मी महिन्याभरात भंडाऱ्याला परतलो असतो. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "जा आता, तुझा तास बुडेल."

मी गेलो. त्या वेळी उपकार वाटले नाहीत. वाटलं, माझी वाक्यंही हिनं आपली म्हणून सांगितली. महिन्याभरात मी खोली बदलली.

ती भूमिका दुसऱ्या एका गोऱ्या नटीला मिळाली. रंग तोच. पुढे मी तो चित्रपट पाहिला. तिचे हात तिचेच होते, नखं घासलेली, कशालाही न लाजणारी. कुणी हसलं नाही, कुणी रडलं नाही. थिएटरच्या पायऱ्या उतरताना मला पहिल्यांदा कळलं, मी काय केलं ते. माझी आई फोटोत हात न ठेवता गेली. ते हात जगात एकाच माणसाला नीट येत होते, आणि ते कॅमेऱ्यासमोर जायच्या आतच मी दार लावून घेतलं होतं.

त्यानंतर मी दोनदा एनस्खेडेला गेलो आणि दोनदा फाटकावरून परतलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा बाई वृद्धाश्रमात होत्या. नोव्हेंबर होता, त्यांचाच वाढदिवस. मी इंग्रजीत एक वाक्य पाठ केलं होतं आणि विसरायला नको म्हणून कोटाच्या खिशात लिहूनही ठेवलं होतं. 'मी तुमचं शेवटचं काम चोरलं, आणि माझ्या आईला तुमच्याइतकं कुणीच पाहिलं नव्हतं.' एवढंच.

खोलीत खुर्च्या गोल मांडल्या होत्या. मी डावीकडून सुरुवात केली. नर्स, शेजारची म्हातारी, तिचा मुलगा, पुतणी. अभिनंदन, अभिनंदन. बाई शेवटच्या खुर्चीत होत्या, मांडीवर शाल. मी पुढे होऊन हात केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डॉक्टरकडे पाहावं तसं. उजवा हात शालीतून मनगटापर्यंत बाहेर आला. त्यांनी तो पाहिला आणि पुन्हा आत घेतला.

"त्या हल्ली कुणालाच हात देत नाहीत," नर्स म्हणाली. "मनावर घेऊ नका."

मनगट बरोबर होतं. आजार होता की भूमिका, मला आजही माहीत नाही. माझा हात तसाच पुढे होता. खिशातला कागद बोटांना लागत होता. मागे एक बाई फुलं घेऊन आपली पाळी यायची वाट पाहत होती.

"अभिनंदन, मॅडम," मी म्हणालो, आणि एका रिकाम्या खुर्चीत जाऊन बसलो.